टिटवीच्या पायाखालची रेघ

दौंड, मंगळवार, ११ फेब्रुवारी १९५८

आज कागदावर काढलेली पाचवी टिटवी फाडली. कधी चोच बिघडली म्हणून, कधी डोळा मेलेला वाटला म्हणून. सहावी काढून झाली, तीही फाडणार होतो, तेवढ्यात बशीरमामा आले. भीमेच्या वाळूत त्यांची कलिंगडाची वाडी आहे, टिटव्या रोज समोर फिरतात. चित्र बघून म्हणाले, "पेंटर, पाखरू झ्याक हाय. पर ते फळीवर उभं हाय. वाळूत पाय रुतत्यात की न्हाई?"

मला रागच आला. चित्रातलं यांना काय कळतं? पण ते गेल्यावर फाडलेले तुकडे जुळवून पाहिले. पाचही चित्रांत पायाखाली तीच सरळ रेघ! स्टेशनच्या पाट्या रंगवताना आधी दोरी ताणून रेघ मारायची, मग तिच्यावर अक्षरं उभी करायची. पंधरा वर्षांची सवय. टिटवीलाही मी अक्षरासारखीच उभी केली. चोची काही वाईट नव्हत्या. एक डोळा तर फार चांगला जमला होता. उगाच फाडला.

सहाव्या चित्रातली रेघ खरवडून काढली. आता टिटवी हवेतच उभी आहे. इतकी वर्षं नदीवर जातो, पण तिचे पाय वाळूत किती रुततात ते मी कधी पाहिलंच नाही.