पाळकांना विचारलेला प्रश्न

स्कॉटलंड, सोमवार

ती. दादास,
उमरठच्या घरातल्या सगळ्यांना ज्योतीचा नमस्कार.

मी बरी आहे. इथले लोक मला बाटवतील अशी वहिनीला भीती वाटते, म्हणून सविस्तर लिहिते. मी ज्यांना सांभाळते त्या पेगी आजींची चाकाची खुर्ची ढकलत दर रविवारी त्यांच्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये जाते. तिथे मूर्ती नाही, चित्र नाही, पेटीसुद्धा नाही. बायबलमधली स्तोत्रं नुसत्या गळ्याने गातात. रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचं नाही, म्हणून आजी मला दोरीवर कपडेही वाळत घालू देत नाहीत.

काल प्रार्थनेत येशूच्या आठवणीत खायच्या पावाचं ताट फिरलं. आजी म्हणाल्या, "हे आमच्यात आलेल्यांसाठी. तू नुसतं पुढे दे." मी दिलं. कुणाला वाईट वाटलं नाही.

पुण्य करून कुणी तरत नाही, देव ज्याला कृपेने निवडतो तोच येशूवर विश्वास ठेवून तरतो, असं हे लोक मानतात. म्हणून निघताना मी पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना विचारलं, "माझ्या आईने जन्मभर गावदेवीला नारळ दिला. ती दोन वर्षांपूर्वी गेली. तिचं काय?"

ते म्हणाले, "तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. येशूशिवाय तारण नाही, हीच आमची श्रद्धा. पण तुझ्या आईचा न्याय करणारा मी नाही." त्यांनी आईचं नाव विचारलं. अंबूबाई, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, नीट उच्चारता येईपर्यंत.

आबांचा खोकला थांबला का? त्यांना पत्र वाचून दाखवताना पाळकांचं बोलणं गाळ. इतकंच सांग, की इथे एक माणूस आईचं नाव बरोबर घेतो.

तुझी धाकटी,
ज्योती