पिटफील्डांचं पोर

४ मार्च

पोहोचले एकदाची! जन्मभर परक्यांच्या घरी वाढले. क्रोकर हे आडनावही त्या वाढवणाऱ्यांचंच. इतकी वर्षं मी माझी माणसं शोधत होते आणि शेवटी डॉर्कस काकूनेच मला हुडकून फोन केला. आज टास्मानियातल्या या सफरचंदांच्या खोऱ्यात माझी सख्खी काकू फाटकात उभी होती. मला न्याहाळून म्हणाली, नाक तर अगदी पिटफील्डांचं, झाकू म्हटलंस तरी झाकायचं नाही! मी हसता हसता रडले. जेवायला भाजलेलं मटण, बटाटे. चुलत भाऊ अँब्रोज मात्र खोलीबाहेर आला नाही. खिडक्या बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. त्याला म्हणे उजेड सोसत नाही.

५ मार्च

घराण्याचा माग काढायचाय म्हटल्यावर काकूने थेट मूळ पुरुषापासून धरलं. सायलस पिटफील्ड इंग्लंडमधल्या डॉर्सेटहून बायको, मुलं आणि मधमाश्यांची एक पेटी घेऊन जहाजाने आला. घरात कोणी मेलं की दाराची किल्ली पेटीवर वाजवून माश्यांना सांगायचं, ही त्यांच्या गावची रीत. वाटेत धाकटी लेक गेली, ते सांगायचं राहिलं. मग त्या वर्षी घरात मयतांची रांगच लागली. तेव्हापासून माश्यांपासून काही लपवायचं नाही. नवा माणूस आला तरी सांगायचं. मग मीही किल्ली वाजवली आणि मोठ्याने म्हटलं, मी हेस्टर पिटफील्ड. किती गोड लागलं ते नाव तोंडात!

पेट्यांवर दुखवट्याच्या काळ्या फिती दिसल्या. कोण गेलं, विचारलं. काकू म्हणाली, जुन्या आहेत, सोडायच्या राहिल्या, तू चहा घे आधी.

८ मार्च

अँब्रोज बाहेर आला! शीळ घालत बागेत हिंडतो. खोलीतल्या चिंध्याही काढून टाकल्या. माश्या आता माझ्या खिडकीवर बसतात. काकू म्हणते, आवडलीस हो त्यांना.

१० मार्च

माश्यांनी खिडकीची काच काळी झालीय. शेजारच्या मळ्यातली बाई कुंपणावरून सहज बोलून गेली. मागच्या वसंतात रानात अँब्रोजवर झाड पडलं, मेला अशी बातमी आली. काकू धावत पेट्यांकडे गेली, किल्ली वाजवून रडत म्हणाली, पिटफील्डांचं पोर गेलं. आणि संध्याकाळी मेलेला जेवायला हजर! बाई हसली. मग हसू आवरून म्हणाली, पण माश्यांना खोटं सांगून पचत नाही गं, सांगितलेलं त्या खरं करून घेतात.

काकूने नाव घेतलं नव्हतं. नुसतं पोर. पिटफील्डांचं.

११ मार्च

काकूला विचारलं. नाकारलं नाही तिने. एकुलता एक आहे माझा, म्हणाली, आणि तुला तर कोणीच नव्हतं. कोणीच नव्हतं म्हणून तर आले होते मी! गळा कापलास काकू, आणि तोही प्रेमाने जेवू घालून.

दाराला बाहेरून कडी घातलीय.

१२ मार्च

फटींत परकर कोंबला — पुरत नाही. केसांत, बाहीत — अँब्रोज दाराबाहेरून म्हणतो, माफ कर हेस्टर — आणि कडी काढत नाही —

खाली काकू पेट्यांवरच्या काळ्या फिती सोडतेय. मी अजून जिवंत आहे गं —

माश्यांनो ऐका, खोटं बोलले मी — पिटफील्ड नाही — कोणाचीच नाही — मी हेस्टर क्रो