एका पायावरचा बंडप्पा

अणदूर, फसली सन १३५२

तीर्थरूप शिवप्पामामांस, भाचा बंडप्पाचे शरणु शरणार्थ. तुमचा दमा आणि मामींचा स्वभाव, दोन्ही या थंडीत आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. फक्त मी एका पायावर आहे.

झालं असं, की गुळाच्या दुकानाच्या गादीवर बसून बसून माझी कंबर कित्येक वर्षं धरलेली, हे तुम्ही जाणताच. अप्पा गेल्यावर संक्रांतीच्या जत्रेत नंदीध्वज धरण्याचा आपल्या घरचा मान यंदा माझ्याकडे आला. ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून, तोलत गावभर चालायचं म्हणजे (अप्पा, तुमचे दाजी, पागोटंसुद्धा न हलवता चालत) खेळ नव्हे. काठी माझ्या हातून कलली तर अप्पांचं नाव जाईल, या धास्तीनं माझी झोप उडाली. त्यात चुलतभाऊ रेवणप्पा या मानासाठी गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेला. म्हणून नळदुर्गच्या हकीमसाहेबांना कंबर दाखवली. त्यांनी ना तेल दिलं, ना पुडी. कमरेबरोबर तुमचा तोलही गेलाय, रोज डोळे मिटून एका पायावर उभे राहत जा, म्हणाले.

घरी तुमची भाचेसून मल्लम्मा हसते, म्हणून मी दुकानातच उभा राहू लागलो. गिऱ्हाइकं आली की गुळाचं नाव न काढता हात जोडून बसत. एकदा डोळे उघडले तर पायाशी नारळ. पहिला नारळ रेवणप्पानं ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं. बंडप्पाअण्णांनी गावासाठी तप मांडलंय, ही हूलही त्याचीच. मी स्वतः जाऊन पंचांना सांगितलं, की बाबांनो, ही निव्वळ कंबरदुखी आहे. तर ते एकमेकांकडे बघून म्हणाले, काय हा विनय. आणि ठरवलं, की तपस्व्याच्या कमरेला ओझं लावणं पाप. त्यानं ओट्यावर बसून आशीर्वाद द्यावा, काठी रेवणप्पानं धरावी. मामा, कंबर खरोखर सुधारली आहे हो. परसात पट्ट्यात मुसळ खोचून मी चालून पाहिलं, जरासुद्धा कललं नाही. आणि आता हे मला बसवून ठेवणार. फार वाईट वाटतं.

मामींस शरणार्थ, लेकरांस आशीर्वाद.

ता. क. जत्रेआधी तामलवाडीहून या आणि पंचांना एवढंच सांगा, की आमचा बंडप्पा लहानपणापासून साधा, खादाड माणूस आहे. मी सांगितलं की नारळ वाढतात.

ता. क. दुसरा. घाई करू नका. काल सरावात रेवणप्पाची कंबर धरली. आज मागच्या दारानं आला, कसाबसा पाया पडला आणि पुटपुटला, "अण्णा, आधी कंचा पाय उचलायचा?"

तेव्हापासून मी मौन धरलं आहे.