एक तास चार मिनिटांवर

१४ ऑक्टोबर, दुपार

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. मी बरी आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, बाथरूमचा नळ अजून गळतो, आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी बासरी शिकायला घेतली आहे, त्यामुळे बिल्डिंगमधली सगळी मांजरं परागंदा झाली आहेत. तुझा खोकला गेला का? जावईबापूंना आणि लेकीला माझी आठवण सांग.

आठ महिन्यांनी तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, आईबद्दल काहीतरी असेल. पाकीट फोडायला मी दहा मिनिटं घेतली. आत काय, तर तुमच्या फिल्म क्लबात तुझं भाषण आहे, विषय जपानी मानसिक भयपट, आणि ते सिनेमे माणसाला इतके का ओढतात यावर ताईने चार ओळी लिहून पाठवाव्यात. धन्य आहेस. चार ओळींत मावणार नाही, पण घे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. तू त्यांतला एकही सिनेमा पाहिलेला नाहीस. सुट्टीत आई कामावर गेली की आपण पडदे ओढून बसायचो. संगीत थांबलं रे थांबलं की तू उशीत तोंड खुपसायचीस आणि म्हणायचीस, "ताई, काय दिसतंय ते सांग." मी सांगायचे. बाई भिंतीकडे तोंड करून उभी आहे. बाई अजून उभी आहे. आता तिथे कुणी नाही. तेव्हा भाषणाला टाळ्या पडल्या तर निम्म्या माझ्या, एवढं लक्षात ठेव.

ओढ कसली ते सांगते. इतर सिनेमांतली भुतं धावून येतात, गळा धरतात, मग कुणीतरी त्यांचा बंदोबस्त करतं आणि आपण सुटतो. इथलं भूत बहुतेक वेळा काहीच करत नाही. ते घरातच असतं, कोपऱ्यात, ओल्या केसांनी. घरातली माणसं जेवतात, कपडे वाळत घालतात, फोनवर बोलतात. आपल्याला ते दिसत असतं आणि त्यांच्यातलं कुणी मान वळवत नाही. भीती वाटते ती त्या न वळलेल्या मानांची. शेवटी कळतं की ती बाई जिवंत होती तेव्हाही त्यांनी मान वळवली नव्हती. हे भाषणात खुशाल घाल.

आता माझं काम. ते तू कधी नीट समजून घेतलं नाहीस. "आमची ताई सिनेमात आहे" असं मैत्रिणींना सांगतेस म्हणे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी मी पडद्याखाली आवाज लिहिते. संवादांचं भाषांतर दुसरं कुणीतरी करतं. माझ्या वाट्याला दार, पाऊल, पाणी, श्वास. कानावर हेडफोन, आणि आवाज आला की बोटं लिहून मोकळी. जिना करकरतो. पाणी ठिबकतं. सतरा वर्षांत कान आणि बोटं यांच्या मध्ये डोकं लागेनासं झालंय.

फेब्रुवारीत त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी असाच एक सिनेमा करत बसले होते. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. काम संपवून हेडफोन काढले आणि आत गेले, तर ती बाथरूमच्या दारात पडलेली. पुढचं तुला माहीत आहे. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. तू दोन दिवसांसाठी आलीस आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, "तिने हाक नाही मारली का गं?" मी नाही म्हणाले. तू माझ्या पाठीवर हात ठेवलास आणि म्हणालीस, मग तुझा काय दोष. किती पटकन माफ केलंस. त्या हाताचा मला अजून राग येतो.

तीन आठवड्यांनी ते काम तपासणाऱ्या बाईंकडून परत आलं. एकाच ओळीवर खूण होती. एक तास चार मिनिटांवर मी लिहिलं होतं, 'आतून बाई हाक मारते.' शेजारी शेरा: इथे असा आवाज नाही, पुन्हा ऐका. मी पुन्हा ऐकलं. सात वेळा ऐकलं. तिथे पडद्यावर रिकामी खोली आहे आणि पाऊण मिनिट शांतता. हेडफोनमध्ये शांतता असली की घरातले आवाज बारीक होऊन आत येतात.

म्हणजे आईने हाक मारली होती. मी ती ऐकली होती, आणि सिनेमात लिहून टाकली होती.

इथे थांबले तर गोष्ट बरी आहे. कामाच्या सवयीने घात केला, बिचारी ताई. तू पुन्हा पाठीवर हात ठेवशील. पण मला शब्दही कळला होता. "छकुले." जपानी बाई छकुले म्हणत नाही, एवढी अक्कल मला आहे.

तुला कुणी सांगितलं नाही, पण शेवटचं वर्षभर ती तुलाच हाक मारायची. पाणी हवं, छकुले. चादर सरकली, छकुले. अंघोळ मी घालायचे आणि तोंड भरून कौतुक तुझं व्हायचं. सुरुवातीला मी "मी ताई आहे गं" म्हणत उठायचे. पुढे काही न बोलता उठायचे. मग तुझ्या नावाने हाक आली की जागची हलेनाशी झाले. दुसरी आली तर बघू म्हणायचे. त्या दिवशी मनात अगदी स्पष्ट आलं, छकुली हवी आहे ना, मग येऊ दे छकुलीला. बोटांनी ओळ लिहिली. दुसरी हाक आली नाही.

तपासणाऱ्या बाईंना मी कळवलं की आवाज आहे, ओळ राहू द्या. त्यांनी वाद घातला नाही. सिनेमा पुढच्या महिन्यात येतोय. भाषणात दाखवायला तुकडा हवा असेल तर तोच घे. कितीही कान दिलास तरी तिथे काही ऐकू येणार नाही, तेव्हा खालची ओळ वाच. या वेळी उशीत तोंड खुपसू नकोस, काय दिसतंय ते सांगायला मी शेजारी नसेन.

शेवटी लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. तो मागायची माझी हिंमत नाही, आणि खरं सांगायचं तर तुझ्यावरचा माझा राग अजून निवळलेला नाही.

आईने जिला हाक मारली नव्हती ती,
ताई