पियानोवर फोडलेला नारळ

मामा रे,

तू गेल्यापासून हे पत्र टाळतेय. दहाव्याला सगळे रामकुंडावर रडत होते आणि मी दुकानात पियानो पुसत बसले होते. तुला लिहिलं की तू खरंच गेलास असं होईल, म्हणून नाही लिहिलं. आज लिहितेय, कारण विचारायला दुसरं कुणीच नाही.

मामा, पियानोच्या पोटात नारळाचं पाणी गेलंय!

उद्या गोव्याच्या लिझा मॅडमचा पियानोचा कार्यक्रम. तू ठरवलेला शेवटचा. सकाळी हमालांनी दुकानातला आपला पियानो स्टेजवर चढवला आणि हॉल सांभाळणाऱ्या नानांनी हौसेनं त्याच्याच कडेवर नारळ फोडला. "मामांशिवाय पहिलाच कार्यक्रम ना पोरी, शुभ होऊ दे!" म्हाताऱ्याचे डोळे भरलेले.

सगळं पुसलं. तरी मधल्या चार पट्ट्या दाबल्या की खालीच राहतात. तारा चिकट.

दसऱ्याला पोरं पियानोला हळदकुंकू लावायला आली की तू ओरडायचास, "पायाला लावा रे, त्याच्या दातांना, पट्ट्यांना नको!" एका दसऱ्याला सिन्नरच्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "याच्यावर भजन बसतं का?" आणि तू दुपारभर त्याला भजनं वाजवून दाखवलीस. घेतलं त्यानं काहीच नाही. चहा मात्र तीनदा प्याला! बघ, भरकटले मी.

मामी म्हणते, "हा कार्यक्रम पार पाड, दुकान तुझं. नाहीतर गाळा भाड्यानं देते. तुझा काय भरवसा, मागच्यासारखी उद्या परत हिमाचलला पळालीस तर!" पण मामा, मला आता कुठेच जायचं नाहीये. हे कुणाला कसं पटवू?

सूर लावायला शिकवलंस, तारा बदलायला शिकवलंस. कलाकाराला वाईट बातमी कशी द्यायची, ते का नाही शिकवलंस? कलाकारांचा फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचास. हसत परत यायचास. काय बोलायचास रे तिकडे?

मी मॅडमना खोटं सांगणार नाही. उद्या नाशिकरोडला उतरल्या की आधी हेच सांगेन, मग त्या वाजवोत न वाजवोत. आणि पियानो वाळेपर्यंत या हॉलमधून हलणार नाही. शब्द देते.

थांब, नाना धावत आलेत.

"पोरी, गोव्याच्या बाई आजच आल्या! खाली रिक्षातून उतरतायत. मामा कुठेत म्हणून विचारतायत."

त्यांना कुणीच कळवलं नाही, मामा?

तुझी,
रेवा