वरच्या खोलीपर्यंत तार

हॅनकॉक, मिशिगन
१४ ऑक्टोबर

प्रिय कायसा,

तू बरी असशील असं धरून चालते. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतंय कोण! बर्फ अजून पडलेलं नाही. एल्मामावशीने वेलची घातलेली पावरोटी पाठवली होती, ती मी एकटीने दोन दिवसांत संपवली. पत्र हाताने लिहितेय, कारण ग्रंथालयातून पाठवलेले माझे ईमेल तू न वाचता पुसून टाकतेस.

आता मुद्द्याचं. आपल्या घरात इंटरनेट आलं. वर तुझ्या खोलीपर्यंत आलं, आणि ते एकाहत्तर वर्षांच्या तुझ्या आईने आणलं.

कंपनीचा माणूस आला होता. म्हणाला, "काकू, घर जुनं, भिंती जाड. प्रत्येक मजल्यावर आमचं एकेक यंत्र बसवावं लागेल, त्याचं महिन्याला भाडं. तुमच्याच्याने हे एकटीने व्हायचं नाही."

मी म्हटलं, "तुझा जन्म व्हायच्या आधी मी भर थंडीत टेलिफोनच्या खांबावर चढत होते. दारापर्यंत लाइन आणून दे आणि चालू लाग. आतलं माझं मी बघते."

आणि बघितलं! राउटर चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मिळाला, बेकरीतल्या एका खिमा-बटाट्याच्या पास्तीच्या किमतीत. तार शाळेच्या दुरुस्तीतून उरलेली. हत्यारं माझी होतीच. भिंत फोडायचीही गरज पडली नाही. वरून मळके कपडे तळघरात टाकायची नळी आहे ना, जिच्यात तू एकदा मांजर सोडलं होतंस, तिच्यातूनच तार वर ओढली. एल्मामावशी खाली उभी राहून ओरडत होती, "व्हर्ना, पडशील, मरशील, आणि मला तुझे कपडे आवरावे लागतील!" मी म्हटलं, "आवर, तुला एकही बसणार नाही."

मग मात्र फजिती झाली. राउटरवरचा दिवा लागे, पण तुझ्या खोलीत चित्र दोन मिनिटं चाले आणि अडके. तीन दिवस मी राउटरला शिव्या घातल्या, शाळेच्या तारेला घातल्या. शेवटी एक टोक कापून ग्रंथालयातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या ग्रेटाला नेऊन दाखवलं. ती हसतच सुटली. "अहो काकू, हे तुम्ही टेलिफोनच्या पद्धतीने जोडलंय!"

खरंच होतं. निळी जोडी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, प्रत्येक जोडीच्या तारा शेजारी शेजारी. सत्तावीस वर्षं हाताला तीच सवय. इथे हिरव्या जोडीच्या दोन तारा लांब ठेवून त्यांच्या मधे निळी जोडी बसवायची असते. मी ग्रेटाशी वाद घातला. म्हटलं, मी हे काम तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून करतेय. ती म्हणाली, "म्हणूनच चुकलात."

मला तिचा राग आला. घरी येऊन सगळी टोकं कापली आणि नव्याने बसवली. आता चित्र अडकत नाही.

तर चार वर्षं तू सांगत आलीस, "आई, तुझ्याकडे इंटरनेट नाही, माझं काम बंद पडतं, कशी येऊ?" ते कारण मी आता संपवलं. यायचं नसेल तर येऊ नकोस, पण मला खरं कारण सांग. नाहीतर राहू दे, मीच सांगते.

बाबांच्या अंत्यविधीला तू रोवेनाला घेऊन आलीस. मी चर्चच्या दारात सगळ्यांदेखत म्हटलं, "पुढच्या बाकावर फक्त घरची माणसं." ती ओल्या बुटांनी जाऊन शेवटच्या रांगेत बसली. तूही तिच्याजवळ जाऊन बसलीस. पुढच्या बाकावर मी एकटी होते. बाबा आजारी असताना आठवड्याला फोन करून त्यांना हसवणारी ती होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. लोक काय म्हणतील याला मी भ्याले. खांबावर कधी न भ्यालेली बाई, बायकांच्या कुजबुजीला भ्याली. मला त्याची लाज वाटते. चुकलं माझं, कायसा.

आता मी भीत नाही. गेल्या रविवारी पाद्रीबाईंना सांगून आले, नाताळला पुढच्या बाकावर आम्ही तिघी बसणार. मागून शेरे मारणाऱ्यांनी खुशाल मारावेत, मी मान वळवून त्यांच्याकडे बघेन. एल्मामावशी म्हणाली, "लोकांना काय सांगशील?" मी म्हटलं, "ही माझी मुलगी आणि ही तिची बायको. अजून काय सांगायचं असतं?"

तुझ्या खोलीत मी एक नाही, दोन तारा नेल्यात. खिडकीशी दोन टेबलं मांडलीत, दोघींना आपापली. डावीकडचं जरा मोठं आहे, ते रोवेनाचं. तिला म्हणावं, रागावलेली असलीस तरी ये, आणि इथे येऊन माझ्या तोंडावर भांड. मी ऐकून घेईन.

तुझी, आणि तिने होऊ दिलं तर तिचीही,
आई