हळू चढणारा सिग्नल

३ नोव्हें.
खैरलांजीच्या सुखदेवभाऊंचं हार्वेस्टर परत बंद. स्क्रीनवर तेच, संपर्क तुटला. थंड असताना बरोबर चालतं, वावरात अर्धा तास धान कापलं की कटर थांबतो. मशीनमधले सगळे बोर्ड ज्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलतात ती कॅन लाइन तपासली. मीटरवर साठ ओहम, पाहिजे तेवढेच. तारा ठीक, कनेक्टर ठीक. आभाळ आलंय, आठ घरचे लोक कापणीचा नंबर लावून बसलेत. भाऊ एवढंच म्हणाले, "माधुरी, तुह्या हातानं होईल, मले मालूम हाय." त्याचंच जास्त ओझं.

४ नोव्हें.
काल पॉलिटेक्निकच्या बोरकर सरांना फोन केला होता. रिटायर झालेत, तरी गोंदियाहून पहिल्या बसनं आले, तारेतला सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मांडीवर घेऊन. हात थरथरतात आता. तारेला टेकवायचा प्रोब मी धरला.
मशीन गरम केलं. पडद्यावर सिग्नल सरळ उभा चढायला हवा, मधूनमधून तिरपा चढत होता.
"भिंत पाह्यजे तिथं चढाव हाय," सर म्हणाले. "तो वर पोचाच्या आधीच बाकीचे बोर्ड वाचून घेतात. मंग चुकीचंच वाचतीन ना."
एकेक बोर्ड काढून पाहिला. कटरचा बोर्ड बोलतो तेव्हाच तिरपा. तो पावसाळ्यात मीच दुरुस्त केलेला. चिपजवळ सिग्नल चढायचा वेग ठरवणारा बारका रेझिस्टर असतो. दहा हजार ओहमचा हवा, मी एक लाखाचा लावलेला. एक शून्य जास्त. थंड असताना कसंबसं निभतं, गरम झालं की सिग्नल आणखी हळू चढतो.
सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "म्याही लावला हाय असा. सांग भाऊले."
सांगितलं. भाऊंनी उभ्या धानाकडे पाहिलं.
"बदलवला का चालन?"
"हौ."
"मंग चहा घे अन् बदलव."
रागावले असते तर सोपं गेलं असतं.

५ नोव्हें.
दिवसभर चाललं, एकदाही थांबलं नाही. दोन घरचं धान झाकून झालं. सर स्कोप माझ्याकडंच ठेवून गेले. "मले आता काय कराचा हाय." त्यांना बसवर सोडायला गेले. पाया पडले तेवढंच. असं कोण येतं कोणासाठी.

६ नोव्हें.
तो चुकीचा रेझिस्टर ज्या पाकिटातून घेतला, त्यातलेच आणखी दोन बोर्डांवर गेलेत. रामपायलीच्या मशीनवाल्यांना कळवलं, उद्या संध्याकाळी बोर्ड आणून देतात. लांजीवाल्यांचा फोन तीनदा लावला, लागत नाही. त्यांचं मशीन जंगलाकडच्या कुठल्यातरी गावात कापणीवर आहे म्हणे. उद्या सकाळी गाडी काढते. कोणतं गाव, ते तिकडं जाऊनच विचारते.